टायमिंग चेन बदलली, पण टायमिंग बसलं का?

चेन किट नवीन टाकलं, खिसा रिकामा झाला, गाडी एका सेल्फमध्ये चालूपण झाली, आणि मग दुसऱ्याच दिवशी लक्षात येतं की पिकअप गेलाय, आयडलला इंजिन थरथरतंय आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटून बसलाय. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर गेला असेल, बदलून बघू. थांबा. कधीकधी सेन्सर जातोही, पण चेनचं काम झाल्यावर लगेच हे सुरू झालं असेल तर पहिला संशय सेन्सरवर नाही, कॅम, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व) उघडणारा दांडा, एखादा दात मागेपुढे बसला असण्यावर घ्यायचा. चेन चांगली, टेन्शनर (चेन ताणून धरणारा) चांगला, गाईड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) नवे, सगळं चांगलं, फक्त कोन चुकला.

कारण खरं काम चेन बदलण्याचं नसतंच, खरं काम क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम यांच्यातला कोन पुन्हा जसाच्या तसा बसवायचं असतं, चेन फक्त तो कोन धरून ठेवते.

आधी थोडं मूळ समजून घेऊ, मग पुढचं सोपं जातं. आपल्या गाड्यांची इंजिनं चार स्ट्रोकची. हवा आत घेणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे, या चार कामांत पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, म्हणजे क्रँकचे दोन फेरे. पण प्रत्येक व्हॉल्व या सगळ्यात एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅमशाफ्टने एकच फेरा मारायचा. त्यासाठी कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकाला, क्रँकच्या स्प्रॉकेटपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. गाडी ३००० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, कॅम २५, आणि प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडून बंद होतो. एवढ्या घाईत व्हॉल्व कधी उघडणार आणि कधी मिटणार हे पिस्टन कुठे आहे त्याच्याशी जुळलेलं असावं लागतं, यालाच आपण टायमिंग म्हणतो.

आता एक दात म्हणजे किती? समजा क्रँकला १८ दात आणि कॅमला ३६. कॅमचा एक दात म्हणजे ३६० भागिले ३६, दहा डिग्री. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती कॅमची दहा डिग्री झाली, क्रँकच्या हिशोबात तीच वीस डिग्री होते कारण क्रँक दुप्पट फिरतो. बऱ्याच इंजिनांत इनटेक व्हॉल्व, म्हणजे हवा आत घेणारा, पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर साधारण ४०-५० डिग्रीनंतर मिटतो. तो आणखी वीस डिग्री उशिरा मिटला तर आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना परत इनटेक पाईपात ढकलून देतो, कॉम्प्रेशन पडतं, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते, आणि गंमत म्हणजे वरच्या आरपीएमला जरा बरी वाटते, म्हणून लोक म्हणतात की हायवेला ठीक चालते पण सिग्नलवरून उचलत नाही. कॅम उलटा, म्हणजे एक दात पुढे बसला तर साधारण याच्या विरुद्ध, खाली बरी आणि वर गुदमरते.

एक दात चुकून इंजिन बहुधा वाचतं. दोन-तीन चुकले तर वाचेलच असं नाही. आताच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व पूर्ण उघडला की पिस्टनच्या वाटेतच येतो, फक्त टायमिंग बरोबर असतं म्हणून दोघांची गाठ पडत नाही. ती पडली की व्हॉल्व वाकतात, आणि मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढणं आलं. यात दिशेलाही महत्त्व आहे. इनटेक कॅम पुढे गेला तर इनटेक व्हॉल्व पिस्टन अजून वर येत असतानाच उघडायला लागतो, आणि एक्झॉस्ट (धुराच्या व्हॉल्वचा) कॅम मागे पडला तर एक्झॉस्ट व्हॉल्व पिस्टन वर पोचला तरी मिटलेला नसतो, या दोन्ही दिशा धोक्याच्या. इनटेक मागे किंवा एक्झॉस्ट पुढे, हे त्या मानाने कमी घातक. व्हीव्हीटीच्या गाड्यांत, म्हणजे कॅमचा कोन चालू इंजिनात ऑईलच्या दाबाने बदलतो त्या गाड्यांत, इंजिन बंद असताना इनटेकचा फेझर (कॅमचा कोन बदलणारा भाग) सहसा पूर्ण मागे आणि एक्झॉस्टचा पूर्ण पुढे लॉक होऊन बसतो, याचं एक कारण हेच की अशा स्थितीत दोन्ही व्हॉल्व एकत्र उघडे राहण्याचा काळ सगळ्यात कमी असतो आणि आयडल शांत लागतं.

चेन बदलावी का लागते, तर ती ताणते म्हणून, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि शंभरभर सांध्यांची झीज एकत्र होऊन चेन लांब होते. ८ मिलिमीटर पिचची (दोन सांध्यांमधलं अंतर) १३० कड्यांची चेन धरा, लांबी झाली १०४० मिमी. अर्धा टक्का झीज म्हणजे पाच मिमी. यातली साधारण दोन मिमी क्रँककडून कॅमकडे जाणाऱ्या ताठ बाजूच्या वाट्याला आली तर कॅम अडीच डिग्री मागे पडतो, क्रँकच्या हिशोबात पाच. बाकीचा झोल टेन्शनर गिळतो, जोपर्यंत त्याचा दांडा बाहेर यायला जागा आहे तोपर्यंत. ती संपली की सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड सुरू. घाणेरडं किंवा कमी ऑईल हे यामागचं सगळ्यात मोठं कारण, कारण चेनला वंगण आणि टेन्शनरला दाब दोन्ही त्याच ऑईलमधून मिळतं. ऑईल वेळेवर बदललेल्या गाडीची चेन इंजिनाएवढी टिकू शकते, बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही.

आता कामाकडे. जुनी चेन उघडायच्या आधीच क्रँक पुलीला पाना लावून एक नंबरचा सिलिंडर टीडीसीला आणायचा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. पण चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्रच वर येतात आणि प्रत्येक पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर टाकून झाल्यावर, तेव्हा नुसता पिस्टन वर दिसला म्हणून खूश व्हायचं नाही. टॅपेट कव्हर काढून एक नंबरच्या लोब्सकडे, म्हणजे कॅमच्या व्हॉल्व दाबणाऱ्या उंचवट्यांकडे, बघा. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतात म्हणजे लोबची टोकं टॅपेटवर दाब देत नसतात, दोन कॅमच्या बऱ्याच इंजिनांत ती एकमेकांपासून लांब, बाहेरच्या बाजूला तोंड करून असतात. टोकं आतल्या बाजूला तिरपी होऊन व्हॉल्व हलकेच दाबायला लागलेली दिसली तर तुम्ही एका फेऱ्याने चुकलाय, क्रँक अजून एकदा पूर्ण फिरवा. काही कंपन्या टीडीसीऐवजी सगळे पिस्टन अर्ध्यावर ठेवून टायमिंग लावायला सांगतात, म्हणजे कॅम फिरला तरी काही आदळायला नको, म्हणून त्या इंजिनाचं मॅन्युअल समोर असलंच पाहिजे, आठवणीवर हे काम करू नये.

चेन सोडताना एक गोष्ट होते ती माहीत असलेली बरी. कॅमवर व्हॉल्वच्या स्प्रिंगा दाब देत असतात, काही इंजिनांत टायमिंगच्या खुणेवर असतानाच तो दाब एका बाजूला जास्त असतो, आणि चेन निघाली की कॅम खट् करून दहा-पंधरा डिग्री स्वतःच फिरतो. घाबरायचं कारण नाही, पण तो परत जागेवर आणताना पिस्टन वर असेल तर व्हॉल्व टेकू शकतो. म्हणून आधी क्रँक मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा मागे घ्यायचा म्हणजे सगळे पिस्टन मध्यावर येतात, मग कॅमच्या षटकोनी भागाला पाना लावून कॅम खुणेवर आणायचा, मग क्रँक परत टीडीसीला. चेन नसतानाच क्रँक असा उलटा फिरवलेला चालतो.

आपल्याकडे एक पद्धत सर्रास चालते, जुन्या चेनवर आणि स्प्रॉकेटवर व्हाइटनरचे ठिपके द्यायचे, कड्या मोजायच्या आणि नव्या चेनवर तसेच उतरवायचे. जुनं टायमिंग बरोबर होतं याची खात्री असेल तर ठीक. पण चेन बदलायला आणलीच होती ती खडखडत होती म्हणून, आणि ढिली चेन एखादा दात कधीच सरकलेली असू शकते, मग व्हाइटनरने तुम्ही तीच चूक नव्या चेनवर इमानदारीत उतरवून घेता. ठिपके तुलनेला द्या, भरवसा कंपनीच्या खुणांवर ठेवा.

या खुणा म्हणजे स्प्रॉकेटवर कोरलेली रेघ, टिंब किंवा बाण, आणि नव्या चेनवर दोन-तीन ठिकाणी वेगळ्या रंगाच्या कड्या. क्रँकच्या खुणेवर एक रंगीत कडी, प्रत्येक कॅमच्या खुणेवर एकेक, असं बहुतेक इंजिनांत. आणि इथेच एक प्रश्न हमखास येतो, की चेन लावून दोन फेरे फिरवले तर रंगीत कड्या खुणांवर परत आल्याच नाहीत, काहीतरी चुकलं का? काही चुकलं नाही. १८ आणि ३६ दात आणि १३० कड्या असतील तर त्याच कड्या त्याच खुणांवर परत यायला क्रँकचे १३० फेरे लागतात, करून बघा हिशोब. रंगीत कड्या फक्त बसवतानाच्या क्षणापुरत्या, त्यानंतर त्यांच्याकडे बघायचंच नाही. दोन फेऱ्यांनंतर परत जुळायला हव्यात त्या स्प्रॉकेटच्या खुणा, इंजिनाच्या खुणांशी. कडीचा रंग इंजिनाला कळत नाही.

चेन कोणत्या बाजूने ताठ ठेवायची हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. सायकलचं पायडल मारताना वरची चेन ताठ असते आणि खालची लोंबते, इंजिनातही तसंच आहे, क्रँक ज्या बाजूने चेन ओढतो ती बाजू ताठ, दुसरी ढिली. ताठ बाजूला सरळ, न हलणारी गाईड पट्टी असते आणि ढिल्या बाजूला हलणारी पट्टी, तिच्यामागे टेन्शनर. नवी चेन चढवताना क्रँकपासून कॅमपर्यंत गाईडच्या बाजूला आणि दोन कॅमच्या मधल्या भागात अजिबात झोल राहू द्यायचा नाही, सगळा झोल टेन्शनरच्या बाजूला ढकलायचा. चेन बसवताना खुणा जुळलेल्या दिसतात पण गाईडच्या बाजूला थोडा झोल राहिलेला असतो, मग टेन्शनर सुटला की तो ढिला भाग ओढून घेतो, कॅम हलतो आणि खूण अर्धा दात सरकलेली दिसते. अशा वेळी कुणी सांगेल की हेडचं फेसिंग केलं होतं ना, त्यामुळे असं दिसतं. फेसिंगने, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केल्याने, कॅम मागे पडतो हे खरं, पण ०.२ मिमी फेसिंगने कॅम पाव डिग्रीच्या आसपास सरकतो आणि अर्धा दात म्हणजे पाच डिग्री. फेसिंगवर ढकलण्यासारखी ही गोष्ट नाही. चेन काढा, परत बसवा.

ज्या इंजिनांत स्प्रॉकेटला चावी असते, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा, तिथे स्प्रॉकेट एकाच जागी बसतं, निवांत. पण सगळीकडे चावी नसते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे आपल्यातले बरेच जण घराच्या दारातच गाडी खोलतात, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो, जुन्या माझदा ३ मधलं एमझेडआर इंजिन आणि त्याच घराण्यातलं फोर्डचं ड्युरॅटेक, यात क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी नाही, पुलीचा मोठा बोल्ट आवळला की नुसत्या घर्षणावर सगळं धरून राहतं. तो बोल्ट ढिला केला की टायमिंग गेलंच समजा, मग भले तुम्ही फक्त पुढचं ऑईल सील बदलायला बसला असाल. तिथे कॅमच्या मागच्या टोकाच्या खाचांत सपाट पट्टी घालतात, ब्लॉकमध्ये टीडीसीची पिन लावतात आणि मग बोल्ट आवळतात. पण ही पिन आणि पट्टी फक्त जागा दाखवायला आहेत, बोल्टचा जोर सहन करायला नाहीत. पिनवर भार देऊन बोल्ट आवळला तर पिन वाकते, पट्टीवर दिला तर कॅमची खाच फुटते. जोर धरायला पुलीचा वेगळा होल्डर आणि कॅमच्या षटकोनाला पाना. आपल्याकडे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल, जे पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, त्यालाही कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना लागतात, आणि त्या पिनांशिवाय अंदाजाने काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नये हे माझं मत. काही बोल्ट एकदा आवळले की कायमचे ताणले जातात, आधी ठरलेला टॉर्क आणि वर आणखी ९० डिग्री वगैरे असं सांगितलेलं असतं, ते प्रत्येक वेळी नवेच घ्यायचे. चावी नसलेल्या स्प्रॉकेटचा बोल्ट जुना वापरणं म्हणजे त्या घर्षणावरचा भरवसाच काढून घेणं.

आता टेन्शनर. नवा टेन्शनर दाबून ठेवलेला येतो आणि त्यात एक छोटी पिन घातलेली असते. चेन बसली, खुणा जुळल्या, टेन्शनरचे बोल्ट आवळले की ती पिन ओढायची, दांडा टक् करून बाहेर येतो आणि हलती पट्टी चेनवर दाबते. पिन तशीच ठेवून वर कव्हर लावल्याचे प्रकार होतात, हसू नका, मोठमोठ्या वर्कशॉपमध्ये होतात.

आणि मग ते दोन फेरे, ज्याशिवाय कव्हर लावायचंच नाही. स्पार्क प्लग काढून ठेवा, लांब दांड्याचा पाना क्रँकच्या बोल्टला लावा, आणि इंजिन नेहमी ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. उलट्या दिशेने नाही, कारण उलटं फिरवलं की ढिली बाजू ताठ होते, ताठ बाजू ढिली पडते आणि टेन्शनरमध्ये अजून ऑईलचा दाब नसतो, म्हणजे चेन तिथल्या तिथे दात सोडू शकते. हाताला काय लागतंय त्याकडे लक्ष द्या. प्लग काढलेले असल्याने कॉम्प्रेशनचा विरोध जवळपास नसतो, व्हॉल्वच्या स्प्रिंगांमुळे कुठे जरा जड, कुठे जरा हलकं, असं लाटेसारखं लागतं, एखाद्या ठिकाणी कॅम लोबची चढण ओलांडली की पाना हातातून थोडा पुढे ओढल्यासारखा जातो. हे सगळं नॉर्मल. पण पाना एका जागी येऊन ठप्प झाला, अजिबात लवचिकपणा नाही, भिंतीला लागल्यासारखा, तर तिथेच थांबा. तो व्हॉल्व पिस्टनला टेकलाय. जोर लावला नाही तर सहसा काही बिघडत नाही, चेन काढून परत मोजणी. हाच ठप्प सेल्फने आला असता तर व्हॉल्व वाकूनच कळलं असतं. दोन फेरे पूर्ण झाले की क्रँक परत टीडीसीला आणि सगळ्या खुणा परत बघा, अगदी समोरून, डोळा खुणेच्या रेषेत आणून, तिरकं बघितलं तर अर्धा दात सहज फसवतो. समाधान नाही झालं तर आणखी दोन.

ज्या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल, तिथे नुसतं चेनपर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली घ्यावं लागतं, त्यामुळे तिथे हे दोन फेरे टाळणाऱ्याची हिंमतच म्हणायची.

कव्हर लावण्याआधी खालचं ऑईल चेंबर उघडून बघितलेलं चांगलं, जुन्या गाईडचे प्लॅस्टिकचे तुकडे तिथल्या जाळीत अडकलेले असतात आणि जाळी तुंबली की ऑईलचा दाब पडून नवा टेन्शनरही उपाशी. सीलंट लावताना पातळ, अखंड रेघ, जास्त लावलं तर तेच आत सुटून त्याच जाळीत जातं.

पहिल्यांदा चालू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि थोडा थोडा सेल्फ मारून ऑईलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवा, म्हणजे टेन्शनर भरतो. मग फ्यूज लावून स्टार्ट. पहिले काही सेकंद खडखड झाली तर चालतं, दहा सेकंदांनंतरही तशीच असेल तर बंद करा आणि टेन्शनर बघा.

दिवा पेटला तर स्कॅनर लावा आणि कोड नीट वाचा. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांची वेळ एकमेकांशी जुळत नाही, पी ००१७ म्हणजे तेच पण एक्झॉस्ट कॅमचं. पी ०३४० आला तर तो कॅम सेन्सरच्या सर्किटचा, तिथे आधी वायर आणि कनेक्टर बघा, कव्हर काढघाल करताना कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. पी ००११ हा व्हीव्हीटीचा, इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहतोय, यात टायमिंगही चुकलेलं असू शकतं आणि ऑईल कंट्रोल व्हॉल्वमध्ये कचराही असू शकतो. पी ००१६ वर सरळ सेन्सर बदलायला निघालेल्या माणसाला एकच विचारा, कॉम्प्रेशन मोजलं का. पेट्रोल इंजिनात चारही सिलिंडरला सारखंच पण कमी कॉम्प्रेशन येत असेल तर रिंगा चारही एकदम खराब होत नाहीत, टायमिंग मागे पडलेलं असण्याची शक्यता जास्त. एखाद्याच सिलिंडरला खूप कमी किंवा शून्य आलं तर मात्र वाकलेला व्हॉल्व.

आणि टायमिंग शंभर टक्के बरोबर असूनही कोड येऊ शकतो. जुन्या झिजलेल्या चेनबरोबर कॅम पाच डिग्री मागे चालत होता, ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, हळूहळू तेच नॉर्मल धरून शिकून ठेवलेलं, आता नव्या चेनने कॅम जागेवर आला तर त्यालाच तो चुकीचा वाटतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने कॅमचं जुनं शिकलेलं पुसावं लागतं, काहींत क्रँक सेन्सरचं रीलर्नही करावं लागतं, कुठल्या गाडीत काय ते मॅन्युअलमध्ये असतं. गाडी परत ताब्यात घेताना गॅरेजवाल्याला हे केलंय का ते विचारा, आणि स्कॅनरवर इंजिन गरम असताना आयडलला कॅमचा हवा असलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवायला सांगा. दोघांत एक-दोन डिग्रीचा फरक चालतो, सतत दहाच्या आसपास फरक दिसला तर कव्हर परत उघडायचं.